गादीचा दोष किरकोळ, तरी दुखणे आठ महिने का? वेदना, झोप आणि हालचाल यांच्यामागची मज्जासंस्था

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आठ महिन्यांपूर्वी वजन उचलताना कंबरेत उसण भरली. महिन्याभरात बरे वाटेल असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात दुखणे गेले नाहीच, उलट कंबरेतून पाठभर आणि दोन्ही कुल्ल्यांपर्यंत पसरले. एमआरआयच्या अहवालात मणक्यांमधल्या एका गादीला किंचित फुगवटा असून नसेवर दाब नसल्याचे लिहिले आहे. आता कमरेचा पट्टा नुसता घासला तरी झोंबते, रात्री तीन-चार वेळा जाग येते, सकाळी अंग आखडलेले असते आणि खाली वाकायचे म्हटले की धास्ती वाटते. ‘तपासण्यांत काही नाही, हे मनाचे आहे,’ असे एका डॉक्टरांनी सांगितल्यापासून गोंधळ आणखी वाढला आहे. नस खराब झाली आहे का, हे मानसिक आहे का, आणि झोप व हालचाल नेमकी याच काळात का बिघडली, अशा तीन शंका मांडल्या आहेत.

पहिल्या दोन शंकांचे उत्तर ‘बहुधा नाही’ असे आहे. ‘बहुधा’ अशासाठी की प्रत्यक्ष तपासल्याशिवाय यापेक्षा ठाम बोलणे योग्य नव्हे. तिसरी शंका मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुखण्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञ, झोपेसाठी गोळी आणि आखडलेल्या अंगासाठी मालिश अशी विभागणी रुग्ण करतात आणि आम्ही डॉक्टरही करतो. परंतु या तिन्हींचा कारभार एकच मज्जासंस्था पाहते, आणि तिच्यात झालेला बदल तिन्हीकडे एकदम उमटतो. त्यामुळे उपचार केवळ कंबरेपुरते ठेवून भागत नाही.

पायाचा अंगठा उंबरठ्याला ठेचकाळतो तेव्हा काय घडते हे बारकाईने पाहिले, तर या यंत्रणेची बरीचशी रचना ध्यानात येते. आधी काहीतरी लागल्याचे नुसते भान होते. पाठोपाठ तीक्ष्ण, नेमक्या जागेवरची कळ उठते. आणि जवळजवळ सेकंदभराने जळजळणारा, जागा नीट सांगता न येणारा ठणका सुरू होतो. तिन्ही संदेश एकाच क्षणी निघालेले असतात, पण वेगवेगळ्या तंतूंतून. स्पर्शाचे संदेश वाहणाऱ्या जाड तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त द्रव्याचे आवरण असते आणि त्यांतील वेग सेकंदाला साधारण 35 ते 75 मीटर असतो; पहिली कळ आणणाऱ्या बारीक तंतूंचा वेग 5 ते 30 मीटर, तर ठणका आणणाऱ्या आवरणरहित तंतूंचा जेमतेम अर्धा ते दोन मीटर असतो. अंगठ्यापासून पाठीतल्या मज्जारज्जूपर्यंत सुमारे मीटरभर अंतर आहे, हे लक्षात घेतले की सेकंदभराचा उशीर कुठून आला ते कळते. पाय मात्र कळ जाणवण्याआधीच मागे खेचला गेलेला असतो, कारण तो आदेश मेंदूकडून आलेलाच नसतो. मज्जारज्जूतल्या पेशींनी तो परस्पर दिलेला असतो, आणि तोल जाऊ नये म्हणून त्याच वेळी दुसऱ्या पायाचे स्नायूही ताठ केलेले असतात. अशा प्रतिक्षिप्त क्रियांची मांडणी ज्यांनी पायाशुद्ध केली त्या चार्ल्स शेरिंग्टन यांना 1932 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हालचाल आणि वेदना या दोन गोष्टी सुरुवातीपासूनच एकमेकींना किती चिकटलेल्या आहेत, हे या एका ठेचेतच दिसते.

त्यानंतर आपण नकळत अंगठा चोळू लागतो आणि थोडे बरे वाटते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये याचे स्पष्टीकरण दिले: स्पर्शाच्या जाड तंतूंमधून येणारे संदेश मज्जारज्जूच्या मागच्या भागात वेदनेच्या संदेशांची वाट अरुंद करतात, आणि मेंदूकडून खाली येणारे आदेशही ती वाट कमीजास्त उघडतात. तपशिलात या सिद्धान्ताला पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण गाभा टिकला. शरीराकडून निघालेला संदेश मेंदूपर्यंत जशाचा तसा पोचत नाही. वाटेत त्याचे बळ वाढवले जाते, घटवले जाते किंवा तो अडवला जातो.

बळ वाढवण्याची सुरुवात जागेवरच होते. त्वचेतील वेदनातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही1 नावाचा एक प्रथिनमार्ग असतो, जो सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या पुढे उघडतो. मिरचीतील कॅप्सेसिनही त्यालाच उघडते, म्हणून तिखट ‘भाजते’. डेव्हिड ज्युलियस यांना या शोधासाठी, तर आर्डेम पॅटापूटियन यांना स्पर्श व दाब ओळखणाऱ्या मार्गांच्या शोधासाठी 2021 चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुखापत होऊन सूज आली की तिथे जमणारी रसायने या मार्गांची उघडण्याची मर्यादा खाली आणतात. म्हणूनच उन्हाने करपलेल्या पाठीवर कोमट पाणीही चटका देते. उसण भरल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आपल्या कंबरेत हेच चालले होते, आणि ते योग्यच होते. जखमी भागाला जपायला लावणे हे वेदनेचे काम आहे. एससीएन9ए या जनुकातील दोषामुळे ज्यांना जन्मापासून वेदना होतच नाही अशी अत्यंत मोजकी माणसे आहेत. त्यांना भाजल्याचे कळत नाही, लहानपणीच जीभ चावली जाते, हाडे मोडूनही ती चालत राहतात.

अडचण त्यापुढे सुरू होते. 1983 मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की वेदनातंतूंचा मारा झाल्यानंतर मज्जारज्जूतील पेशींचा स्वतःचाच स्वभाव बदलतो: त्या कमी चिथावणीला अधिक जोराने प्रतिसाद देतात, शरीराच्या अधिक विस्तृत भागातून आलेले संदेश उचलतात, आणि एरवी केवळ स्पर्शाचे म्हणून सोडून दिले असते असे संदेशही वेदनेच्या वाटेवर घालतात. बहुतेक लोकांत हा बदल जखमेबरोबर ओसरतो. काहींमध्ये तो, ऊती भरून आल्यानंतरही, महिनोन्‌महिने टिकतो. पट्टा घासल्यावर झोंबणे आणि दुखण्याचा मूळ जागेबाहेर पसारा वाढणे ही आपण सांगितलेली दोन्ही लक्षणे या चित्रात नेमकी बसतात. दुखणे पसरले म्हणजे इजा पसरली, असा अर्थ रुग्ण हमखास काढतात. तो चुकीचा आहे, पण स्वाभाविक आहे, आणि कोणी समजावून सांगितल्याशिवाय तो जाणार नाही.

आता ‘मनाचे’ या शेऱ्याविषयी. दुसऱ्या महायुद्धात भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांना असे आढळले की गंभीर जखमी सैनिकांपैकी बहुसंख्य जणांनी विचारणा होऊनही वेदनाशामक नको म्हटले. 1946 मध्ये त्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. सैनिकांच्या जखमा खोट्या नव्हत्या. मेंदूच्या देठातून मज्जारज्जूकडे उतरणारे काही मार्ग वेदनेचे संदेश दाबू शकतात, आणि त्यासाठी शरीर स्वतःची अफूसदृश द्रव्ये वापरते. त्यांपैकी एन्केफॅलिन 1975 मध्ये ओळखले गेले. 1978 मध्ये असेही दाखवण्यात आले की अक्कलदाढ काढल्यानंतर औषध म्हणून निव्वळ निष्क्रिय द्रव्य दिल्यावर मिळणारा आराम, अफूविरोधी नॅलोक्झोन दिले की मावळतो. म्हणजे अपेक्षेतून आलेला आरामसुद्धा रासायनिक वाटेनेच येतो. त्याच वाटा उलट दिशेनेही चालतात: सततची काळजी, इजेची भीती, दुखऱ्या जागेवर खिळलेले लक्ष यांनी वेदनेचे संदेश वाढवले जातात. याला ‘मनाचे’ म्हणणे मला अर्धवट वाटते. भीतीचा परिणाम मज्जारज्जूपर्यंत पोचतो हे खरे, परंतु त्यावरून वेदना काल्पनिक ठरत नाही. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने 2017 मध्ये ऊतींच्या इजेमुळे आणि नसेच्या विकारामुळे होणाऱ्या वेदनेच्या जोडीला तिसरा प्रकार मान्य केला, तो अशाच, वेदनायंत्रणेच्या बदललेल्या कार्यामुळे होणाऱ्या दुखण्यासाठी.

एमआरआयचा अहवाल वाचून बसलेला धक्का हा या आजारातला एक स्वतंत्र उपद्रव आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या चित्रणांचा एकत्र विचार करण्यात आला. त्यानुसार गादीचा फुगवटा विशीतल्या 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांत आढळतो. गादीची झीज विशीतही 37 टक्क्यांत दिसते. ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आला’ हे शब्द ज्या सहजतेने उच्चारले जातात, तितक्या सहजतेने ते रुग्णाच्या डोक्यातून पुसता येत नाहीत. पुढची कित्येक वर्षे माणूस आपला कणा कधीही मोडेल अशा समजुतीने वावरतो, आणि ती समजूत वर सांगितलेल्या वाटांनी दुखणे वाढवत राहते.

नसेबद्दलची शंका पूर्णपणे निकालात काढण्यासाठी मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. नसांच्या वहनाची नेहमीची तपासणी केवळ जाड, वेगवान तंतू मोजते. ठणका आणि जळजळ वाहणारे बारीक तंतू तिच्या आवाक्यातच येत नाहीत. त्यामुळे तळपायांची आग, मुंग्या, रात्री वाढणारी जळजळ असे असेल, तर ती तपासणी ‘नॉर्मल’ येऊनही बारीक तंतूंचा विकार असू शकतो, आणि मधुमेह व बी12 जीवनसत्त्वाची कमतरता ही कारणे तपासून पाहावी लागतात. आपल्या वर्णनात पायांविषयी काही नाही, म्हणून मी हा विचार मागे ठेवतो. रक्तातील साखर आणि बी12 एकदा पाहून घ्यायला हरकत नाही.

झोपेकडे येताना पहिली समजूत अशी असते की दुखते म्हणून झोप लागत नाही. ते खरे आहे, पण उलटी दिशा अधिक बळकट आहे: वाईट रात्रीवरून दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा अंदाज जितका चांगला बांधता येतो, तितका दुखण्यावरून रात्रीचा बांधता येत नाही. 1975 मध्ये हार्वी मोल्डोफस्की आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना पूर्ण जाग येऊ न देता, केवळ आवाज करून त्यांची गाढ झोप मोडली. काही रात्रींतच त्यांचे स्नायू दाबल्यावर दुखू लागले आणि अंग मोडून आल्यासारखे झाले, आणि सलग झोप मिळू लागल्यावर ते ओसरले. गाढ झोपेत थॅलॅमस हा मेंदूतला संवेदना पुढे पाठवणारा भाग बाहेरच्या संवेदनांना मेंदूच्या बाह्यकाकडे सहजासहजी जाऊ देत नाही. झोप तुटक झाली की हा अटकाव ढिला पडतो, आणि मेंदूच्या देठातून उतरणारे वेदना दाबणारे मार्गही दिवसभर मंद राहतात. सकाळचे आपले आखडलेपण कंबरेच्या दोषाइतकेच रात्रीच्या तुटलेल्या झोपेचे फळ असावे, असे माझे मत आहे.

यावर गोळी हा पहिला उपाय नव्हे. बेन्झोडायाझेपिन गटातील गोळ्यांनी झोप लागते, परंतु त्यातला गाढ भागच कमी होतो, म्हणजे आपल्याला जे हवे तेच हातचे जाते. दीर्घकाळच्या निद्रानाशासाठी वर्तनोपचार आधी करावा, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये मार्गदर्शक म्हणून सांगितले आहे, आणि त्यातली मुख्य अंगे घरी सुरू करता येतात. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ बदलायची नाही. हे सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयुक्त. अंथरुणावर वीस-एक मिनिटे तळमळत गेली असे वाटले की उठून मंद उजेडात दुसरे काहीतरी करायचे आणि डोळे जड झाल्यावरच परतायचे, म्हणजे अंथरूण आणि जागरण यांची मेंदूत बसलेली सांगड सुटते. दुपारची झोप टाळावी, कारण दिवसभर मेंदूत साचणारे ॲडेनोसिन हीच रात्रीच्या झोपेची पुंजी असते आणि डुलकीने ती आधीच खर्च होते. चहा-कॉफीतील कॅफिन याच ॲडेनोसिनची जागा अडवते आणि त्याची निम्मी मात्रा उतरायला सुमारे पाच तास लागतात. तेव्हा दुपारनंतर ते बंद ठेवावे.

घोरणे, मध्येच श्वास अडकल्यासारखे होणे, किंवा रात्री पाय सतत हलवावेसे वाटणे यांपैकी काही आहे का, हे मात्र जवळ झोपणाऱ्या व्यक्तीला विचारून पाहा. पायांच्या अस्वस्थतेत रक्तातील फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, तपासतात, आणि ते 75 मायक्रोग्रॅम प्रतिलिटरपेक्षा कमी असल्यास, हिमोग्लोबिन उत्तम असले तरी, लोह देण्याचा विचार केला जातो.

हालचालीचा भाग मी अधिक सविस्तर लिहितो, कारण सुधारणेची खरी सुरुवात तिथून होते. निरोगी माणूस उभ्याने पुढे वाकतो तेव्हा कंबरेचे स्नायू सुरुवातीला काम करतात. पूर्ण वाकल्यावर मात्र त्यांची विद्युत हालचाल जवळजवळ थांबते आणि भार अस्थिबंध व गाद्यांवर जातो. स्नायूंना ही विश्रांती मिळणे स्वाभाविक आहे. दीर्घकाळ कंबर दुखणाऱ्या पुष्कळ लोकांत ही शांतता येतच नाही. स्नायू वाकण्याच्या शेवटापर्यंत आवळलेले राहतात. मेंदूने कंबरेला फळी बांधून ठेवावी तसा हा प्रकार आहे. पहिल्या काही दिवसांत तो उपयोगी असतो. आठ महिन्यांनी त्यामुळे स्नायू थकतात, सांध्यांवरचा दाब वाढतो आणि त्या थकव्याचे संदेश पुन्हा त्याच संवेदनशील झालेल्या मज्जारज्जूत जाऊन पडतात. तपासताना मी रुग्णाला खाली पडलेली वस्तू उचलायला सांगतो आणि कंबरेकडे पाहण्याऐवजी चेहऱ्याकडे पाहतो: श्वास रोखला जातो, जबडा आवळतो, आणि हे सगळे वाकायला सुरुवात होण्याआधी घडते. दुखण्याच्या अपेक्षेनेच हालचालीचा आराखडा बदललेला असतो.

हा आराखडा सांगून बदलत नाही. सुरक्षित हालचाल पुन्हापुन्हा करूनच बदलतो. त्यासाठी प्रमाण ठरवताना दुखण्याला नव्हे तर घड्याळाला विचारावे. समजा पंधरा मिनिटे चालल्यावर कंबर भरून येते, तर रोज दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला एखाद्या मिनिटाची भर घालावी. वाईट दिवशी हे प्रमाण फार कमी करू नये, आणि चांगल्या दिवशी उत्साहाच्या भरात घरभराची कामे उरकून घेऊ नयेत. बरे वाटले की ताणून काम आणि मग तीन दिवस अंथरूण, या चक्रातच बहुतेकांचे महिने जातात. वाकण्याचा सराव आडवे पडून गुडघे छातीशी घेण्यापासून सुरू करून, मग बसून पुढे झुकणे, मग उभ्याने हात गुडघ्यांपर्यंत नेणे, असा चढत्या क्रमाने आणि श्वास सोडत करावा. व्यायामानंतर दुखणे थोडे वाढून चोवीस तासांत पूर्वपदावर आले, तर ते प्रमाण चालू ठेवण्यास हरकत नाही. त्याहून जास्त टिकले तर एक पायरी खाली यावे. पट्टा घासल्याने होणाऱ्या झोंबण्यासाठी मऊ कापडाने दिवसातून काही वेळा त्या भागाच्या कडेकडेने हलके चोळून हळूहळू आत जावे. कमरेचा आधारपट्टा मात्र टप्प्याटप्प्याने सोडावा.

पुढीलपैकी काहीही असल्यास वरील सर्व बाजूला ठेवून तातडीने तपासून घ्यावे: लघवी तुंबणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघांच्या आतल्या बाजूचा आणि बैठकीचा भाग बधिर होणे, पायाची शक्ती दिवसेंदिवस घटणे. यांत काही तासांचा उशीरही महागात पडू शकतो. ताप, कारण नसताना वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, किंवा कोणत्याही स्थितीत न थांबणारे रात्रीचे दुखणे असेल, तर काही दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवावे.

औषधांविषयी माझ्या अपेक्षा माफक आहेत. सूज कमी करणाऱ्या वेदनाशामकांचा उपयोग पहिल्या आठवड्यांत असतो. आठ महिन्यांनी त्यांतून जठर आणि मूत्रपिंडे यांना होणारा त्रासच अधिक. नसेच्या दुखण्यावरचे प्रेगाबालिन सर्रास लिहिले जाते, परंतु 2017 मधील एका चाचणीत, नस दबून पायात कळ जाणाऱ्या रुग्णांतही ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. अफूवर्गीय औषधांनी, दीर्घकाळ घेतल्यास, वेदनेची संवेदनशीलता उलट वाढू शकते. आपल्यासारख्या चित्रात मी देतो ते रात्री अल्प मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन, बहुधा 10 मिलिग्रॅमपासून, किंवा ड्युलोक्सेटिन. ही नैराश्याची औषधे म्हणून ओळखली जात असली, तरी इथे ती मेंदूकडून उतरणाऱ्या वेदनारोधक मार्गांना बळ देण्यासाठी वापरतात. हृदयाचा ठोका अनियमित असणे, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असल्यास ॲमिट्रिप्टिलिन आपल्याला चालेल का, हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे. गुण आला की नाही हे सहा आठवड्यांच्या आत ठरवू नये, आणि सध्या प्रेगाबालिन किंवा झोपेची गोळी चालू असल्यास ती वरील मजकूर वाचून एकाएकी थांबवू नये. दोन्ही हळूहळू, काही आठवड्यांत उतरवत न्यावी लागतात.